रजिस्टर कोणाच्या हाती?

मनुष्याला आपली चूक कधी कधी फार दुरून उमगते. मला ती मंगळावरून उमगली, असे म्हटले तर वाचक हसतील. परंतु गोष्ट खरी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज सायंकाळी पाचपर्यंत जावयाचा होता. जन्मतारीख पडताळण्यासाठी दाखल-खारीज रजिस्टर हवे होते. ते कनिष्ठ लिपिक बाबूजींनी नोंद अर्धी ठेवून कपाटात बंद केलेले. किल्ली त्यांच्या खिशात आणि बडे बाबूंनी त्यांना कोषागारात पिटाळलेले. मोबाइल लागेना. पाच वाजून गेले. परतलेल्या बाबूजींना मी सर्वांदेखत नाही नाही ते बोललो. ते खाली मान घालून एवढेच म्हणाले, “सर, बडे बाबूंनी पाठवलं होतं.”

परवा संगणकावर काम करणाऱ्या माझ्या भाच्याने अमेरिकेच्या ‘पाथफाइंडर’ यानाची हकीकत सांगितली. ते ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार बंद पडून नव्याने सुरू होऊ लागला. यानातील निरनिराळ्या कामांची माहिती एका सामाईक जागेत असे. एका वेळी एकानेच ती हाताळावी, म्हणून तिला जणू कुलूप होते. हवामानाची नोंद करणारे कनिष्ठ काम किल्ली घेऊन आत शिरे. इतक्यात संदेशवहनाचे मधल्या दर्जाचे, लांबलचक काम त्याला बाजूस सारून संगणक अडवून बसे. मग माहितीची ने-आण करणारे अग्रक्रमाचे काम कुलपापाशी ताटकळे. ते वेळेत झाले नाही, असे दिसताच पहाऱ्यावरचे घड्याळ सारा संगणकच नव्याने सुरू करी.

शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हा दोष हुडकला आणि उपाय मंगळावर धाडला. वरिष्ठ काम खोळंबले असेल, तर किल्ली ज्याच्या हाती, त्याला ती परत करीपर्यंत त्या वरिष्ठाचाच दर्जा द्यावयाचा; मग मधल्या कोणाला त्यास हटविता येत नाही. ही सोय यानात मुळातच होती, केवळ बंद ठेवलेली होती.

ऐकता ऐकता मी ओशाळलो. हवामान नोंदविणाऱ्या त्या कामाचा काय अपराध होता? आणि आमच्या बाबूजींचा तरी काय? दोष व्यवस्थेचा, आणि व्यवस्था माझी.

दुसऱ्या दिवशी बडे बाबूंसमक्ष मी बाबूजींची क्षमा मागितली. ते संकोचून म्हणाले, “जाऊ द्या, सर.” आता रजिस्टर ज्यांच्या हाती, त्यांना नोंद पुरी होऊन ते जागेवर ठेवीपर्यंत कोणीही दुसरे काम सांगावयाचे नाही, असा शाळेत नियम आहे. तो मलाही लागू आहे.

तो मुलगा मात्र त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीस मुकला, तो मुकलाच.