ताईतराव

उंची करंगळीच्या दोन पेरांएवढी. अंग तांब्याचं, कधी पितळेचं, गिऱ्हाईक ऐपतीचं असेल तर चांदीचं. दोन्ही टोकांना टोपणं, त्यांवर लाख. पाठीला दोन कड्या, त्यांतून ओवलेला काळा दोरा. ताईतराव स्वतः बोलत नाहीत आणि ज्याच्या गळ्यात पडतात त्यालाही बोलू देत नाहीत. त्यांची सगळी कमाई या दुसऱ्या गुणावर चालते.

आधी एक सांगून टाकतो. तान्ह्या पोराच्या दंडाला आजीने बांधलेला काळा दोरा म्हणजे ताईतराव नव्हेत. तो फुकटचा असतो, न्हाऊमाखू घालताना सुटून पडतो आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही. मी सांगतोय ते हप्त्याने पैसे घेणाऱ्या ताईतरावांबद्दल.

ते पुणतांब्याचे रहिवासी आहेत असं नाही. यात्रा असो, एस.टी. स्टँड असो की दवाखान्याबाहेरचा चहाचा गाडा, ते कुठेही भेटतात. पण पुणतांब्यासारखं गाव त्यांना मानवतं. गोदावरीवर अहिल्याबाईंनी बांधलेला घाट, चांगदेवांची समाधी, दौंड-मनमाड मार्गावरचं जंक्शन आणि तिथून फुटणारी शिर्डीची लाईन. अशा ठिकाणी उतरणाऱ्या दहांतले निम्मे काहीतरी मागायलाच आलेले असतात. कुणाचं पोर दवाखान्यात, कुणाच्या मुलीला चार वर्षं स्थळ नाही, कुणाचा नवरा गेल्याला वर्ष झालेलं नाही. ताईतराव शहाणा-वेडा, शिकलेला-अडाणी असं काही बघत नाहीत. दुखरी जागा कुठे आहे तेवढीच बघतात.

ती सापडते कशी? त्यांच्यासोबतचा माणूस म्हणतो, “माय, मनाला काहीतरी लागलंय. जवळच्याच माणसाचं आहे. कुणाला बोलता येत नाही तुला.” आता पन्नाशी उलटलेली कुठली बाई याला नाही म्हणेल? ती तिथेच बसते. पुढच्या दहा मिनिटांत मुलाचं नाव, सुनेचं माहेर, सोसायटीचं कर्ज, सगळं तीच सांगते आणि तो नुसती मान हलवतो. घरी येऊन शेजारणीला म्हणते, “न सांगता कळलं गं त्यांना!” खरं तर वर्षभरात तिचं सगळं ऐकून घेणारा तो पहिलाच माणूस असतो. ती पैसे मोजते ते या ऐकण्याचे. ताईत वर मिळतो.

बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि ते रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं होतं. कॉलेजातल्या पोरांची ही तऱ्हा. मग ज्याच्या घरात कुणी आजारी आहे, दारात वसुलीवाला उभा आहे, त्याचं काय?

ताईतरावांचं पोट फोडून बघण्यासारखं असतं. दिव्यावर लाख तापवली की टोपण निघतं. आत सुरळी केलेला, हळदीने पिवळा पडलेला कागद. त्यावर लाल शाईत नऊ घरं आणि घरांत आकडे. पहिल्या ओळीत 2, 7, 6. दुसरीत 9, 5, 1. तिसरीत 4, 3, 8. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, पंधराच येते. हेच कोडं शाळेत गणिताच्या गुरुजींनी घातलं की पोरं पाच मिनिटांत सोडवतात. लाखेच्या आड गेलं की त्याचं यंत्र होतं.

म्हणून तर दोन अटी घालतात: उघडायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. पहिला ताईत फार महाग नसतो, एकावन्न रुपयांत भागतं. महिन्याभराने गुण आला तर ताईताचा. नाही आला तर, “घरावर मोठं काहीतरी आहे, पूजा लागेल.” मग अकराशे, मग एकवीस हजार, मग मंगळसूत्र. मध्येच बाईने कुरकुर केली तर उत्तर तयार असतं, “तू कुणाजवळ तरी बोललीस.” आणि एवढं गेल्यावर आता घरात कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचाराने ती आणखी गप्प होते. दुःखाच्या जोडीला लाज आली की ताईतरावांचं आसन पक्कं झालं.

दुःख घेऊन दारात बसणं पुणतांब्याला नवं नाही. योगसामर्थ्यासाठी ख्याती असलेले चांगदेव चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका. ते समाधीत असले की लोक आपल्या मेलेल्या माणसांची प्रेतं आणून बाहेर ठेवत आणि ते उठण्याची वाट बघत, असं सांगतात. गोष्ट खरी-खोटी बाजूला ठेवा, पण ती रांग डोळ्यांसमोर आणून बघा. त्या रांगेतला माणूस काय द्यायला तयार झाला नसता? रांगेपुढे बसलेले चांगदेव होते म्हणून निभावलं. मला गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. एवढ्या मोठ्या योग्याने वयाने पोर असलेल्या मुक्ताबाईला गुरू केलं आणि आपल्याला कळत नव्हतं हे चारचौघांत मान्य केलं.

हल्ली ताईतरावांनी अंगरखा बदललाय. ते व्हिडिओ कॉलवर येतात, अंगावर पोलिसाचा गणवेश, मागे कसलीतरी मोठी मुद्रा. “तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.” पुढची अट ऐका: कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. तीच लाख. यात सापडलेले पुष्कळ जण निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक. मुलं परदेशात, घरात दोघंच किंवा एकटंच. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं की डिजिटल अरेस्ट असली कुठलीही व्यवस्था कायद्यात नाही.

कायद्याला ताईतरावांची जुनी ओळख आहे. 1954 च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात ‘तावीज, मंत्र, कवच’ नावानिशी आहेत. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा येण्यासाठी मात्र त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून व्हावा लागला. आधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने याच कायद्याच्या आधारे टीव्हीवर अद्भुत गुणांचे दावे करून यंत्रं विकणाऱ्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. मूळ याचिका एका शिक्षकाची होती. पण कायदा चालतो तो तक्रारीवर, आणि तक्रार करायची तर तोंड उघडावं लागतं.

पुणतांब्याने एकदा ते मोठ्याने उघडलं होतं. शेतकऱ्याचं कर्जही घरात लाखबंद असतं. बायकोला आकडा ठाऊक नसतो, भावाला व्याज ठाऊक नसतं. 2017 च्या एप्रिलमध्ये इथल्या ग्रामसभेत ते दुखणं चावडीवर आलं आणि ठरलं की संपावर जायचं. 1 जूनपासून शहरांना जाणारं दूध आणि भाजीपाला अडला. सरकारशी मुंबईत झालेली रात्रीची बैठक, संप मागे घेतल्याची घोषणा, त्यावरून उठलेला गदारोळ, सगळं झालं. 24 जूनला सरकारने 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली. त्यातलं पदरात किती पडलं यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पण आपल्या डोक्यावर कर्ज आहे हे सांगायची लाज त्या उन्हाळ्यात बरीच कमी झाली होती, आणि अशा माणसाला ताईतराव सहज बनवू शकत नाहीत.

तेव्हा ताईत बांधायचा तर खुशाल बांधा, श्रद्धा ज्याची त्याची. पण देणारा “कुणाला सांगू नका” म्हणाला की त्याच संध्याकाळी घरात सांगा, पारावर सांगा, पोलीस ठाण्यात सांगा. पैसे फोनवरून गेले असतील तर लगेच 1930 फिरवा. तासाभरात कळवलं तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.