तिसऱ्या ओळीत डावा हात वर

शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांचा व्हॉट्सॲप येतो. त्यात पाच आकडे असतात, बाकी काही नाही. ते 'उपासना संगीता'तले गीतक्रमांक. आमच्याकडे गाणी नंबरानं ओळखली जातात. नाताळची कुठली, प्रभुभोजनाची कुठली, मूठमातीची कुठली, हे मंडळीतल्या जुन्या बायकांना पाढ्यांसारखं पाठ असतं. मी नंबर बघते, पुस्तक उघडते. माझ्या प्रतीत फक्त शब्द छापलेले आहेत. चाल गळ्यांना माहीत असते आणि पट्टी मी ठरवायची असते. डाव्या हातानं खाली काय करायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. माझं सगळं काम त्या रिकाम्या जागेत आहे.

पियानो वाजवते म्हटलं की ऑफिसमधल्या लोकांना इंग्रजी सिनेमातलं चर्च आठवतं. उंच छत, मागे ऑर्गन, पांढऱ्या झग्यातली मुलं. आमच्या मराठी चर्चमध्ये पियानोशेजारी तबला असतो, झांजा असतात आणि बाजाची पेटी असते. पेटीवर मामा बसतात. ते कुणाचेच सख्खे मामा नाहीत, सगळ्या चर्चचे मामा आहेत. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मी 'डी' म्हणते, ते 'पांढरी दोन' म्हणतात. सूर एकच असतो.

पाच आकड्यांमधली दोन-तीन गाणी पाश्चात्य चालींवरची असतात. मिशनऱ्यांनी त्या चाली आणल्या आणि त्यांवर मराठी शब्द बसवले. काही चाली फारच जुन्या आहेत. जगभर ज्या चालीवर स्तुतिगीत म्हणतात ती 'ओल्ड हंड्रेड्थ' १५५१ च्या जिनिव्हातल्या स्तोत्रपुस्तकातली आहे. या चाली चार आवाजांसाठी लिहिलेल्या असतात, पण आमची मंडळी चार आवाजांत गात नाही. बायका वर, पुरुष खाली, सूर तोच. त्यामुळे छापील पट्टी सकाळी साडेआठला कुणालाच झेपत नाही. मी ती दोन-तीन सूर खाली घेते. कीबोर्ड असता तर ट्रान्सपोजचं बटण दाबून काम झालं असतं. पियानोवर बोटांनाच दुसऱ्या पट्टीत विचार करावा लागतो.

पट्टी हा सोपा भाग. खरी अडचण शब्दांची. इंग्रजी स्तोत्रांच्या पुष्कळ चाली हलक्या मात्रेवर सुरू होतात आणि दुसऱ्या अक्षरावर जोर देतात. 'दया', 'कृपा' हे शब्द तिथे आयते बसतात, आधी ऱ्हस्व, मग दीर्घ. पण 'तारण' शब्द आला की पंचाईत. 'ता' उडत्या मात्रेवर जातो आणि सगळा जोर 'रण' वर येतो. देव आपल्याला वाचवतो असं गाता गाता मंडळी चक्क रणांगणात पोचते. लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला याचं फार हसू यायचं.

यावर पियानोवाल्याला एक गोष्ट करता येते. 'ता' वर भरलेला कॉर्ड द्यायचा आणि पुढच्या जोराच्या मात्रेवर डावा हात उचलून ठेवायचा. चाल तशीच राहते, वजन तेवढं सरकतं. गाणाऱ्यांना काय झालं ते कळत नाही, पण 'तारण' हा पुन्हा एक शब्द होतो. छापील नोटेशनमध्ये ही गोष्ट कुठेच नसते, कारण ते नोटेशन दुसऱ्या भाषेसाठी केलेलं आहे.

उरलेली गाणी मात्र इथलीच. शाळेत 'केवढे हे क्रौर्य!' शिकलेल्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळक माहीत असतात. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते लक्ष्मीबाईंचे, जरा विक्षिप्त पण लोभस नवरे म्हणूनही माहीत असतात. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहून ख्रिस्ती भक्तीसाठी ओव्या, अभंग, पदं, कीर्तनं लिहिली. 'तारण'ची कटकट तिथे एका फटक्यात संपली, कारण आता शब्द आणि चाल एकाच घरातले होते. सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा अभंग भजनी ठेक्यात कसाही गा, तो रणांगणात जात नाही.

पण तिथे पियानोची अडचण सुरू होते. या चालींना कॉर्ड नाहीतच. त्यांना षड्ज आहे, पंचम आहे आणि वर एक फिरणारी रेघ आहे.

मी चर्चमध्ये वाजवायला लागले तेव्हा भूपाच्या अंगानं जाणारं एक गीत होतं. सा रे ग प ध, पाचच सूर. मी शिकल्याप्रमाणे खाली सी, एफ, जी हे कॉर्ड दिले. भक्ती संपल्यावर मामा जवळ आले.

"बाळ, हा म कुठून आणलास गं?"

"मी म वाजवलाच नाही, मामा."

"उजव्या हातानं नाही वाजवलास. डाव्यानं वाजवलास."

त्यांचं बरोबर होतं. एफ कॉर्डच्या तळाशी म बसलेला असतो आणि जीच्या पोटात नि. भूपाला हे दोन्ही सूर वर्ज्य. कौतुक असं, की 'अमेझिंग ग्रेस'ची चालही याच पाच सुरांची आहे. न्यूटनचे शब्द १७७९ मध्ये छापले गेले, पण आज जी चाल आपण ओळखतो तिच्याशी त्यांचं लग्न लागलं ते १८३५ मध्ये, अमेरिकेत. जगभर ती चाल त्याच म आणि नि असलेल्या कॉर्डांवर वाजते आणि कुणाला काही खटकत नाही. मामांना खटकलं असतं.

त्या रात्री मी कागदावर मांडून पाहिलं. भूपाच्या पाच सुरांत तीन सुरांचे पूर्ण कॉर्ड दोनच बसतात, सी मेजर आणि ए मायनर. दोन कॉर्डांत चार कडवी काढायची म्हणजे रोज वरण-भात. मग मी कॉर्ड अर्धे सोडायला लागले. जी वाजवायचा पण त्यातला नि काढून टाकायचा. मग तो ना आनंदी राहतो ना उदास, नुसता उघडा राहतो, दार लोटून ठेवल्यासारखा. एफच्या जागी रे आणि प एकत्र धरायचे. दुसऱ्या कडव्याला डाव्या हातात फक्त सा-प, तंबोऱ्यासारखे. तिसऱ्या कडव्याला चाल मधल्या सप्तकात उतरवायची आणि वर काहीच नाही. चौथ्याला दोन्ही हात भरून. त्यानंतरच्या रविवारी मामा काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकी समजायची.

भैरवीत याहून पेच. शेवटाला येताना पाश्चात्य कान जी मेजर मागतो, आणि जी मेजरमध्ये शुद्ध रे आणि शुद्ध नि, दोघेही परके. भैरवीत कलाकार बाराही सूर लावतात हे मला माहीत आहे. पण कलाकारानं हळूच लावलेला सूर वेगळा आणि मी डाव्या हातानं ठोकलेला वेगळा. मी कोमल रे वर उभा राहणारा कॉर्ड घेते, त्यात रे, म आणि ध, तिन्ही घरचे, आणि तिथून सा वर उतरते. ऐकताना शेवट झाला असं वाटतं, पण दार आपटल्यासारखं होत नाही.

याच भैरवीतल्या एका गीताची तिसरी ओळ पियानोवर वाजतच नाही. ग वरून रे वर येताना मंडळी घसरत येते आणि मध्ये जिथे थांबते ती जागा माझ्या कोणत्याही दोन पट्ट्यांमध्ये नाही. पेटीवरही नाही खरं तर. मींड निघत नाही, हा पेटीवरचा जुनाच आक्षेप आहे. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. पण पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो, त्यामुळे मामा बोटं इतकी जवळून सरकवतात की घसरल्याचा भास होतो. पियानोचा सूर हातोडी बसली की लगेच मरायला लागतो. प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, पायऱ्यांसारखा.

ही अडचण फक्त माझ्या बोटांची नव्हती. लोक वाद्याच्या मागे जातात. मी ग आणि रे असे दोन स्वच्छ सूर वाजवत राहिले असते तर वर्षभरात मुलांनी ती ओळ पायऱ्यांसारखीच म्हटली असती, आणि पुस्तकात ती घसरण कुठेही लिहिलेली नाही. ती डाव्या बाजूच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसणाऱ्या सात-आठ बायकांच्या गळ्यात आहे. पूर्वी त्या बारा-तेरा होत्या.

म्हणून मी त्या ओळीत वाजवत नाही. दुसरी ओळ संपता संपता डावा हात पट्ट्यांवरून वर, पेडल सोडलेलं, आणि उजव्या हातानं फक्त सा. पहिल्या वेळी सगळे दचकले, मी पान चुकले असं वाटलं असणार. बायका मात्र थांबल्या नाहीत. त्यांना माझी गरज कधी नव्हतीच. तरुण संघातली मुलं पियानोकडे बघत होती, ती आधार शोधत त्या बाकांकडे वळली. आता त्या ओळीला त्यांचे कान आपसूक तिकडे जातात. आमच्या तबलेवाल्या मुलाला ती घसरण तंतोतंत येते. त्याला विचारलं कुठे शिकलास, तर म्हणतो, "असंच आहे ना ते गाणं?"

गेल्या पावसाळ्यात त्या बाकावरच्या एक आजी वारल्या. घरच्यांनी तेच भैरवीतलं गीत सांगितलं. कब्रस्तानात पियानो नसतो, पेटीही नव्हती, मामांना गुडघ्यामुळे चिखलातून आत येता आलं नाही. छत्र्यांवर पाऊस वाजत होता. सुरुवात कुणी केली कळलं नाही, पट्टी भलतीच खालची लागली आणि लय माझ्या लयीपेक्षा कितीतरी संथ. तिसरी ओळ आली. मी माझ्या सवयीनं हात खिशात घट्ट धरले होते. घसरण आली, जिथे यायची तिथेच, आणि त्यात पोरांचे आवाज बायकांपेक्षा जास्त होते. आजींची मुलगी गात नव्हती, पण त्या ओळीला तिनं मान वर केली.

सध्या चर्चच्या कमिटीत बॅकिंग ट्रॅकचा विषय चालू आहे. स्पीकर चांगले आहेत, यूट्यूबवर बहुतेक गाणी मिळतात, पावसाळ्यात पियानोचा साउंडबोर्ड फुगून सूर चढतो आणि पेटीशी जमत नाही, ट्यूनिंगला पैसे लागतात. यातलं एकही कारण खोटं नाही. ट्रॅकमध्ये ड्रम आहेत, मुलांना ते आवडतात, मलाही आवडतात. माझा मुद्दा एवढाच होता की ट्रॅकला तिसऱ्या ओळीत गप्प बसता येत नाही. एक सभासद म्हणाले, तेवढी ओळ म्यूट करू. मामा हसले, आणि कुणालाच पुढे काय बोलावं सुचेना. निर्णय पुढच्या मीटिंगला ढकलला आहे.

तोवर मी दर रविवारी भक्तीनंतर अर्धा तास मामांना थांबवते. ते गातात, मी फोनवर रेकॉर्ड करते. पट्टी, ताल, कुणाकडून शिकले, हे आधी बोलून घ्यायचं आणि मग गाणं. परवा त्यांनी एका गाण्याच्या दोन चाली सांगितल्या, एक नगरची, एक त्यांच्या सासुरवाडीची. दुसरी मी कधीच ऐकली नव्हती. ती भीमपलासीच्या जवळची आहे. डावा हात अजून सापडलेला नाही.