मेद, गुग्गुळ आणि गोळी

कोलेस्टेरॉल हा शब्द आमच्या शाळकरी वयांत कानांवर फारसा येत नसे. आज तो माजघरांत सर्रास वावरतो. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘पित्त’ व ‘घन’ असा असून हा पदार्थ प्रथम पित्ताशयांतील खड्यांत सांपडला, म्हणून त्यास हें नांव मिळालें. शरीरास तो हवाच असतो, आणि त्याचा मोठा वाटा आपलें यकृतच तयार करतें. सबब सारें खापर तुपाच्या तांब्यावर फोडणें न्यायाचें नव्हे.

आम्ही पडलों संस्कृताचे अभ्यासक. सुश्रुताचें नांव निघालें कीं आमचे कान टवकारतात. मेदानें स्रोतसें रुद्ध होतात ही कल्पना सुश्रुतसंहितेंत आहे. तिच्याच आधारें बनारस हिंदु विश्वविद्यालयांत डॉ. जी. व्ही. सत्यवती ह्यांनीं १९६६ सालीं गुग्गुळावर प्रबंध लिहिला. सशांवरील प्रयोगांत रक्तांतील मेद उतरलेला दिसला, आणि पुढें गुग्गुळाच्या सत्त्वाचें औषध बाजारांतहि आलें. ऊर भरून यावा अशीच ही हकीकत. परंतु २००३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणींत गुग्गुळ घेणाऱ्यांचें अपायकारक कोलेस्टेरॉल उतरलें तर नाहींच, उलट किंचित् चढलें. आम्हांस हें रुचलें नाहीं. पण अभिमान हें कांहीं प्रमाण नव्हे.

हल्लीं डॉक्टर जी गोळी देतात तिचें मूळ बुरशींत आहे. जपानांतील अकिरा एंडो ह्यांनीं सहा हजारांच्या आसपास बुरशा तपासल्या, व १९७३ सालीं तांदळावरील एका निळसर हिरव्या बुरशींतून ह्या जातीचें पहिलें द्रव्य हस्तगत केलें. यकृतांत कोलेस्टेरॉल बनण्याची क्रियाच तें अडवितें. मग यकृत आपली गरज रक्तांतून ओढून भागवितें, आणि रक्तांतील प्रमाण उतरतें. अशा औषधांस स्टॅटिन म्हणतात. अमेरिकेंत त्यांपैकीं पहिलें १९८७ सालीं विक्रीस आलें.

नाचणगांवीं आमचें कुटुंब एकत्र आहे, आणि औषधांचा डबाहि एकच होता. आमचे दादा हृदयविकाराच्या झटक्यापासून ॲटोर्व्हास्टॅटिन घेतात. आठ महिन्यांनीं रक्ताचा अहवाल उत्तम आला, तेव्हां ‘आतां गोळी कशास?’ म्हणून त्यांनीं ती परस्पर थांबविली. उरलेल्या गोळ्या वायां जाऊं नयेत म्हणून वहिनींनीं त्या धाकट्या भावाच्या मुलास देऊं केल्या, कारण त्याचाहि आंकडा ‘थोडा वर’ होता! वडील माणसांशीं वाद घालण्याचा आमचा स्वभाव नाहीं. आम्ही काका-पुतण्यांस घेऊन पुलगांवच्या डॉक्टरांकडे गेलों.

ते म्हणाले, “अहवाल चांगला आला तो गोळीमुळें. ती सोडली कीं कांहीं आठवड्यांत आंकडा पूर्वस्थळीं येतो.” शिवाय सर्वांस एकच मर्यादा लागू नाहीं. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०२४ सालीं घालून दिलेल्या धोरणाप्रमाणें धोका कमी असलेल्यानें अपायकारक कोलेस्टेरॉल १०० च्या खालीं ठेवावें, आणि झटका येऊन गेलेल्यानें ५५ च्याहि खालीं. पुतण्याची तपासणी झाली तेव्हां त्याची थायरॉईड ग्रंथि मंद असल्याचें आढळलें. कोलेस्टेरॉल चढण्याचें तें एक प्रसिद्ध कारण होय. आणि त्या स्थितींत दादांची गोळी घेतली असती तर स्नायूंस इजा होण्याचा संभव अधिक. त्यास प्रथम थायरॉईडचेंच औषध मिळालें. दादांची गोळी त्याच रात्रीं पुनः सुरू झाली.

गोळी सुरू करण्यापूर्वीं यकृताची तपासणी होते, व नंतर एक ते तीन महिन्यांच्या आंत रक्त पुनः पाहतात. मांड्या-पोटऱ्या अकारण दुखूं लागल्या, विशेषतः लघवी काळसर झाली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. साखर सीमेवर असलेल्यांची ती किंचित् चढूं शकते. तथापि हृदयविकाऱ्यास होणारा लाभ त्याहून पुष्कळ मोठा. घरांत मूल होणार असेल तर त्या बाईनें हें डॉक्टरांस आधींच सांगावें, कारण गर्भारपणांत ही गोळी सामान्यतः बंद करतात. दुसऱ्या दुखण्यासाठीं औषध घेतांनाहि हिचें नांव सांगावें; क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकानें हिचें रक्तांतील प्रमाण भलतेंच वाढतें. ग्रेपफ्रूट नांवाच्या फळाचाहि असाच परिणाम होतो, म्हणून त्याच्या जवळचें पपनस विचारल्यावांचून खाऊं नये. दादांस हें ऐकून मोठी धास्ती पडली होती, परंतु आपल्या नागपुरी संत्र्यांत तो दोष नाहीं.