ए. कु. मॅ.

नळी. सायकलची. दादा चालवायचा, मी नळीवर. बुडाला रुतू नये म्हणून तो टॉवेलाची घडी नळीला गुंडाळायचा आणि उतरल्यावर तोच टॉवेल खांद्यावर टाकून बाजारात हिंडायचा. चढ लागला की त्याचा श्वास माझ्या मानेवर. आता पोरांच्या सायकलींना गिअर असतात, कॅरिअर नसतं. दुसऱ्याला बसवायची सोयच उरलेली नाही.

दुमड. शाळेच्या खाकी चड्डीला शिंपी आत चार बोटं कापड सोडायचा. दादा वाढला की आई ते उसवायची. चड्डी माझ्याकडे आली की पुन्हा त्याच रेघेवर दुमडायची. रेघेखालचं कापड जरा नवं, वरचं विटलेलं. तेवढ्यावरून वर्गात सगळ्यांना कळायचं, ही कुणाची.

कंपासपेटी. झाकणाच्या आत कर्कटकाने कोरलेलं त्याचं नाव. खाली जागा होती, मी माझं कोरलं नाही. गुरुजीही हजेरी सोडली तर मला ‘धाकटा’ म्हणूनच हाक मारायचे.

तू. ही वस्तू नव्हे, पण गेलेल्यांत हिची नोंद व्हायला हवी. १९७४ साली वडील गेले. दादा अठराचा, मी बाराचा. तेराव्याला मामांनी दादाला दुखवट्याचं पागोटं बांधलं. ते मोठं होत होतं, कानांवर उतरत होतं. दादा ते दोन्ही हातांनी धरून पाटावर बसला होता. मला हसू येत होतं आणि हसायचं नाही एवढं कळत होतं. संध्याकाळी भांडी घासता घासता आई म्हणाली, “आजपासून त्यांना अरे-तुरे करायचं नाही. घरातले मोठे ते आता.” सकाळपर्यंत मी त्याला तू म्हणत होतो. पुढचे आठ-दहा दिवस मी अशी वाक्यं जुळवत होतो की ज्यांत तूही येणार नाही आणि तुम्हीही. “जेवण झालं का?” “पाणी तापलंय.” “बैल सोडायचेत का?” मराठीत हे जमतं, पण थकायला होतं. मग एके दिवशी रानातून हाक मारताना तोंडातून ‘या’ गेलं. दादांनी वळून पाहिलं. काही बोलले नाहीत. तेव्हापासून तुम्ही. माझा मुलगा आपल्या चुलतभावाला सरळ नावाने हाक मारतो, दोघं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालतात. मला बघत बसावंसं वाटतं.

मनीऑर्डरची चिठ्ठी. वर्षभरात दादा मुंबईला गेले. लालबागच्या बाजूला गिरणीत बदली कामगार, म्हणजे रोज फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कायमवाला कुणी आला नाही तर आत. गावच्या मंडळाच्या गाळ्यात झोपायला जागा, खानावळीत जेवण. बदलीच्या पगारातून महिन्याला मनीऑर्डर यायची. आई अंगठा उठवायची, पोस्टमन नोटा मोजून द्यायचा आणि फॉर्मचा खालचा तुकडा फाडून माझ्या हातात. त्या तुकड्यावर दोन ओळींपुरती जागा. त्या दोन ओळींत दादांनी सात वर्षं घर चालवलं. “बैलाला पेंड आणावी. धाकट्यास वह्या.” “पाऊस झाल्याचे कळवणे.” “सायकल कुणास देऊ नये.” मी तारेत ओवून ठेवले होते सगळे. त्यातला एक अजून पाठ आहे : “डी. एड.चा फॉर्म भरावा. बाकी विचार नको.” मला साताऱ्याला बी. एस्सी. करायचं होतं, रसायनशास्त्र घेऊन. कुणी विचारलं नाही. मी शिक्षक झालो, पेन्शन घेतोय, तक्रारीला जागा नाही. तरी चार वर्षं मी मनातल्या मनात चिडलेला होतो. मनातल्या मनातच, कारण एकदा तुम्ही म्हटलं की भांडता येत नाही.

१८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यांत दादा. मनीऑर्डर थांबली आणि आम्ही गावाहून मुंबईला ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवायला लागलो. उन्हाळ्यात दादा ट्रंक घेऊन आले, “चार दिवस” म्हणाले. तो संप मागे घेतल्याचं शेवटपर्यंत कुणी जाहीर केलं नाही. दादांचे चार दिवसही तसेच चालू आहेत. ट्रंक माळ्यावर आहे. मनीऑर्डर १८८० सालची, जुन्या रूपात २०१५ साली बंद झाली. तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या वाळवीने त्याआधीच नेल्या.

खाकरणं. माझं लग्न झाल्यावर दादा स्वयंपाकघराच्या दाराशी येण्याआधी खाकरायचे, आत माझी बायको पदर सावरायची. दोघांनाही त्याचा वैताग होता, हे मला पुढे वेगवेगळं कळलं. हे गेलं ते बरं झालं.

दादा ही जातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१चा आकडा महाराष्ट्रासाठी १.७ आहे, बाईमागे दोन मुलंही नाहीत. त्यातला प्रत्येक पहिला मुलगा कुणाचा तरी दादा होईलच असं नाही. माझा मुलगा कुणाचाच नाही. रिक्षावाल्याला मात्र तो दादा म्हणतो.

ए. कु. मॅ. सातबाऱ्यावरची अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. दोन शब्द मराठी, एक इंग्रजी, महसूल खात्याची धेडगुजरी. बाप गेला की थोरल्याचं नाव लागायचं, पुढे ही अक्षरं. धाकटे बिननावाचे कसायचे, बहिणी ‘इतर हक्कात’, आमची ताईही तिथेच. एवढ्या बळावर कितीतरी थोरल्यांनी धाकट्यांना बांधाबाहेर काढलं. आमच्या दादांनी तसं केलं नाही. पण सोसायटीचं कर्ज दोनदा काढलं तेव्हा मला विचारलंही नाही, आणि दोन्ही वेळा फेडल्यावर सांगितलं.

२०२५ साली जिवंत सातबारा मोहीम निघाली, तिच्यात असल्या जुन्या नोंदी काढायचं ठरलं. आम्ही अर्ज दिला. तलाठ्याचंही नाव एव्हाना ग्राम महसूल अधिकारी झालं होतं. नवा उतारा मोबाइलवर आला, तो घेऊन गावी गेलो. दादा ओट्यावर शेंगा फोडत होते. हात धोतराला पुसून त्यांनी मोबाइल घेतला, लांब धरला, मग जवळ.

“मॅनेजर काढलं?”

“काढलं.”

“ताईचं?”

“लागलंय. तिघांचं सारखं.”

“वर कोण?”

“तुम्ही.”

“मग झालं,” म्हणाले. मोबाइल मात्र परत दिला नाही. शेंगेच्या मातीचा अंगठा काचेवर फिरवून उतारा पुन्हा वर नेला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला.