अप्पांचं कौतुक

बारावीला मला चांगले गुण मिळाले. पेढे घ्यायला आलेल्या प्रत्येकाला अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगत होते, "गणित मी करून घेतलं." त्यांनी माझी वही कधी उघडलीही नव्हती. पुढे मेडिकलचा प्रवेश हुकला, तेव्हा "चारचौघांत मान खाली घालायला लावलीस," म्हणून त्यांनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. माझं यश त्यांचं होतं आणि अपयश म्हणजे मी त्यांचा केलेला अपमान.

बाहेर मात्र अप्पा म्हणजे दिलदार, हजरजबाबी माणूस. त्यामुळे घरातलं सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. आई त्यांचा चेहरा पाहून आम्हाला खुणावायची, की आज विषय काढू नका.

नोकरीला लागल्यावर मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. वडिलांना न तपासता निदान करणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. मग समजावलं. मोठेपणाची हौस, कौतुकाची ओढ थोडीफार सगळ्यांनाच असते. ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ ही त्यापलीकडची गोष्ट. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत 1980 साली तिला जागा मिळाली. आजच्या संहितेत तिचे 9 निकष आहेत: स्वतःच्या थोरवीची अवास्तव कल्पना, सतत स्तुतीची गरज, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे ही धारणा, दुसऱ्याचा वापर करून घेणं, त्याच्या भावनांची दखल न घेणं वगैरे. त्यांतले किमान 5 तरुणपणापासून, वेगवेगळ्या प्रसंगांत दिसावे लागतात. शिवाय त्यापायी नाती, काम, जगणं बिघडलेलं असावं लागतं.

मला सगळ्यात जास्त उलगडा झाला तो रागाचा. अशा माणसाची स्वतःबद्दलची किंमत बरेचदा बाहेरच्या कौतुकावर तोललेली असते. साधी सूचनाही त्याला आतून शरमिंदा करते आणि ती शरम संताप होऊन बाहेर पडते. भाजीत मीठ कमी आहे एवढं आईने म्हटल्यावर, त्या दिवशी हौसेने स्वयंपाक केलेल्या अप्पांनी ताट का भिरकावलं, हे मला तेव्हा कळलं.

कळलं म्हणून सोसायचं, असं मात्र नाही. या विकारासाठी खास मान्यता मिळालेलं औषध नाही. दीर्घकाळच्या मानसोपचाराने फरक पडू शकतो, पण त्यासाठी त्या माणसाला आपल्यात काही बदलायला हवं असं वाटावं लागतं. अप्पांना ते वाटत नाही. म्हणून मी माझ्यापुरते नियम केले. वाद घालून त्यांना पटवत बसत नाही. आवाज चढला की म्हणते, "अप्पा, आता ठेवते. तुम्ही शांत झालात की बोलू." आणि खरंच फोन ठेवते. त्यांच्या औषधपाण्याला मी आहे, माझे निर्णय मात्र माझे आहेत.

हल्ली भांडकुदळ नवऱ्याला, खडूस साहेबाला लोक सर्रास हे लेबल चिकटवतात. तसं करू नये. निदान डॉक्टरांनीच करावं. पण घरात आपला रोज अपमान होतोय, हे ओळखायला आणि त्याला हद्द घालायला कुणाच्या निदानाची वाट पाहण्याची गरज नाही.