पाटाच्या भरावावरून

गेल्या महिन्यात आजोळच्या गावाच्या अलीकडेच डांबराचा वास आला. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर आजवर मुरूम, शेणाचे पो आणि बाभळीच्या शेंगा एवढंच असायचं. तिथे आता रोलर उभा होता, खडी पसरून झाली होती आणि पिंपाखाली जाळ होता. कामावरच्या पोरानं आपुलकीनं सांगितलं, “मावशी, पुढच्या खेपेला या, सायकल नुसती पळंल.” मी बरं म्हणाले आणि पुढच्या मोरीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेले. घशात काहीतरी दाटलं होतं, ते नुसतं धुरानं नव्हतं.

याच भरावावर मी सायकल शिकले. मामाची मोठी काळी सायकल, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. पूर्वेकडे तोंड केलं की डाव्या हाताला वाहतं पाणी आणि पाण्यापलीकडे कोरडा माळ, त्यावर मेंढरं. उजव्या हाताला भरावाच्या खाली ऊस, आणि त्याच्याही पलीकडे, खोल कुठेतरी, नीरा नदी. चढ लागत नाही, उतार लागत नाही. कालव्याला मैलामागे जेमतेम काही इंचांचा उतार देतात, म्हणून तो जमिनीच्या पातळीला धरून वळत वळत जातो. ओढा आला की आत शिरतो, टेकाड आलं की बाहेर येतो. सडकेनं जवळ असलेलं गाव पाटानं लांब पडतं. ते लांब पडणंच मला प्रिय आहे. मुरमावर टायरचा एक बारीक करकर आवाज येतो. पहिला पाऊस झाला की खालच्या वाटेवरची काळी माती चाकाला चिकटून मडगार्ड जाम करते, पण वरचा मुरूम पाणी पिऊन तासाभरात मोकळा होतो.

या रस्त्याचा खरा मालक म्हणून मला एकच माणूस आठवतो. पाटकरी. अख्खं गाव त्यांना तात्या म्हणायचं. उन्हाळी आवर्तन चालू होतं, मामाची पाळी रात्रीची होती आणि मी हट्टानं बरोबर गेले होते. तात्या सायकलवरून आले आणि आमच्याजवळ न थांबता वीसेक हात पुढे जाऊन उतरले. सायकल थांबली की डायनामोचा दिवा विझतो, म्हणून मामानं बॅटरी माझ्या हातात दिली. भरावाच्या बाहेरच्या अंगाला, उसाकडच्या उतारावर, हातभर गवत ओलं होतं. बाकीचं सगळं गवत वाळलेलं. चालत्या सायकलवरून, तेवढ्याशा उजेडात, त्यांना तो ओलावा दिसला होता. मग ते पाण्याच्या बाजूला गेले, पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात घालून भिंत चाचपू लागले. खेकड्याचं बीळ होतं. काळ्या मातीचा गोळा, त्यावर हरळीचं मुळासकट ढेकूळ, असं त्यांनी ते ठासून भरलं आणि टाचेनं दाबलं. मला म्हणाले, “पोरी, उजेड हलवू नको.” मी हलवला नाही. काम झाल्यावर ते घरी गेले नाहीत. “उजाडल्यावर परत बघायचं,” म्हणाले आणि मोरीच्या कठड्यावर बसून राहिले.

1876-77 च्या दुष्काळात उपाशी माणसांच्या हाताला काम म्हणून या खोऱ्यात खोदाई सुरू झाली. 1885 साली कालव्यात पाणी आलं. त्याला पाणी पुरवायला वेळवंडी नदीवर भाटघरचं पहिलं धरण झालं आणि पुढे 1928 साली त्याच्याखाली आजचं मोठं धरण उभं राहिलं. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते तेव्हा त्यांनी याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली: पाणी विखरून न देता गटानं द्यायचं, आणि गटातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस लावायचा, बाकीच्यात भुसार. हे सगळं मला मोठेपणी वाचून कळलं. वाचताना प्रत्येक वेळी मनात यायचं, की हे धोरण रात्री अडीच वाजता अमलात कोण आणत होतं? दारं उघडणारा, चारीवर उभा राहणारा, सायकलवरचा माणूस.

सप्टेंबर 2018 मध्ये पुण्यात मुठा उजवा कालवा फुटला. दांडेकर पुलाजवळच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, माणसांचे संसार वाहून गेले. तेव्हा उंदीर, घुशी, खेकड्यांनी भराव पोखरला असं सरकारकडून सांगण्यात आलं आणि त्यावर राज्यभर हसू झालं. मला हसू आलं नाही. खेकडा भराव पोखरतो, हे मी बॅटरी धरून पाहिलेलं आहे. मला प्रश्न पडला तो वेगळा: तिथलं ओलं गवत बघायला त्या महिन्यात सायकलवरून कोण गेलं होतं?

डांबरावर माझा राग आहे तो इथे. मातीचा भराव पाणी अडवायला घातलेला असतो. त्यावरची वाट तपासणीची, फार तर घोड्याची, नंतर सायकलची. एकदा डांबर पडलं की उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आडवाट म्हणून तिथूनच जातात. भराव दबतो, कडा सुटतात. आणि वेगात जाणाऱ्याला हातभर ओलं गवत दिसत नाही. पुण्याहून हल्ली तरुण मुलं जाड टायरच्या ग्रॅव्हल सायकली घेऊन येतात, वीरपासून निघतात, निंबूत, सोमेश्वर, पणदरे करत बारामतीपर्यंत जातात. मला त्यांचं कौतुक वाटतं. ती हळू जातात, थांबतात, खंड्याचे फोटो काढतात. त्यांच्यातल्या एखाद्याला तरी ओलं गवत दिसेल.

पण या वाटेवरच्या सावलीचा विचार करताना मला आजीचा तुकडाही आठवतो. भरावाच्या पायथ्याशी तिची जमीन होती. पाट झिरपतो म्हणूनच काठावर जांभळं, करंज, बाभळी वाढल्या आणि खालच्या विहिरींना पाणी टिकलं. आजही अस्तरीकरणाचा विषय निघाला की शेतकरी विहिरींसाठी विरोधाला उभे राहतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्याच झिरप्यानं आजीच्या रानात मीठ फुटलं. मार्चअखेरीस ढेकळांवर पांढरी साय धरायची, पायाखाली ती कुरकुरायची. आधी गहू गेला, मग ऊसही पिवळा पडू लागला, शेवटी लव्हाळाच उरला. हॅरॉल्ड मॅन या पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या शास्त्रज्ञानं सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 सालीच पुस्तिका लिहिली होती. आजीला ती कुणी वाचून दाखवली नाही. ती दर वर्षी त्या तुकड्यात एक सरी तरी पेरायची. उगवायचं नाही, तरी पेरायची. मी वरून सायकलवरून हाक मारली की कमरेवर हात ठेवून वर बघायची. मी ज्या सावलीतून जात होते आणि तिचं जे रान पांढरं पडत होतं, त्या दोन्हीत पाणी एकच होतं. आजीविषयी लिहायचं नव्हतं, पण या वाटेवर ती टळत नाही.

गावाला पक्का रस्ता लागतो, हे मला मान्य आहे. दवाखान्याची गाडी यायला हवी, शाळेची पोरं चिखलातून जाऊ नयेत. तो रस्ता जुन्या गाडीवाटेवर करा, शिवेच्या बाजूनं करा. भरावावर मात्र दर पावसाळ्यानंतर मुरमाचा एक थर आणि रोलरची एक फेरी पुरते. दोन्ही टोकांना दगडी खांब असे रोवा की ट्रॅक्टर अडेल, पण सायकल, मेंढरं आणि पाटकरी जातील. ज्यांच्या शिवेतून पाट जातो त्यांनी येत्या ग्रामसभेत हे मांडावं आणि पाटकऱ्याच्या रिकाम्या जागा भरायची मागणीही त्याच ठरावात घालावी.