खांद्यावरची पिशवी

मनुष्याची परीक्षा त्याच्या पायांतील वहाणांवरून करावी, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. माझें मत थोडें निराळें आहे. मनुष्य आपलें सामान कशांत आणि कसें वाहून नेतो, हें पाहिल्यावांचून त्याच्याविषयीं कांहीं बोलूं नये. हातांत पेटी धरणाऱ्याचा एक हात जगाला दुरावलेला असतो. कोणी ओळखीचा भेटला, तर नमस्कारासाठीं त्याला आधीं पेटी ठेवण्यापुरती कोरडी जागा शोधावी लागते. पाठीवर बोचकें बांधणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे खरे, परंतु आपण काय वाहत आहों, हें त्याला दिसत नाहीं. खांद्यावरच्या पिशवीची तऱ्हाच वेगळी. ती कुशीला लागून चालते, हवी तेव्हां हाताला सांपडते, आणि गर्दींत शिरतांना लहान मुलासारखी पुढें घेतां येते. आपल्याकडच्या वाटसरूनें पडशी खांद्यावर टाकली आणि भिक्षुकानें झोळी, ती कांहीं उगीच नव्हे.

माझी पिशवी जाड्या सुती कॅनव्हासची आहे. तिचा मूळचा खाकी रंग आतां कोणत्याच नांवानें सांगतां येणार नाहीं. रुंद पट्टा, पितळेचें बक्कल आणि तोंडावरून खालपर्यंत येणारी झांप, एवढाच तिचा थाट. विद्यार्थ्यांबरोबर सह्याद्रींतील किल्ले हिंडावयाचे म्हणून मीं ती घेतली. पुढें ती माझ्याबरोबर कॉलेजांतहि येऊं लागली. दोरी, विजेरी आणि दशम्यांचा डबा यांच्या जागीं उत्तरपत्रिका येऊन बसल्या, तरी तिनें कधीं तक्रार केली नाहीं. घरांत तिला ‘गोसाव्याची झोळी’ म्हणतात.

म्हणणाऱ्यांना तिचें कुळ ठाऊक नाहीं. ‘हॅव्हरसॅक’ हा शब्द मूळचा जर्मन, आणि त्याचा अर्थ ओटची पिशवी! घोडेस्वार तिच्यांतून घोड्याचा दाणा नेत. शिपायाची भाकरी तिच्यांत मागाहून आली. कॅनव्हास हें नांव तर भांगेच्या घराण्यांतलें, कारण पूर्वीं हें कापड त्याच झाडाच्या वाखापासून विणीत असत. आणि डांबर फासलेलें टारपॉलिन आपल्याकडे आलें, तेव्हां आपल्या लोकांनीं त्याला ‘ताडपत्री’ असें इतकें घरचें नांव दिलें कीं, तें ताडाच्या पानांचेंच होत असावें असें आज कोणालाहि वाटावें.

पाण्याशीं असलेलें आपलें नातेंहि कांहीं कालचें नाहीं. पाणी आंत कसें कोंडावें, हें मोट आणि पखाल करणाऱ्यांना ठाऊक होतें. तें बाहेर कसें ठेवावें, हें इरलें विणणाऱ्या शेतकऱ्याला आणि घोंगडी पांघरणाऱ्या धनगराला. युरोपांतील खलाशांनीं शिडाच्या कापडाला माशांचें तेल चोळलें, मग जवसाचें. जवसाच्या तेलानें कापड पिवळें आणि ताठर झालें, तरी अंग कोरडें राहिलें. १८२३ सालीं ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें विरघळविलेलें रबर कापडाच्या दोन पदरांच्या मध्यें घातलें आणि त्याचें पेटंट घेतलें. पाऊस आतां कायमचा हरला, असें लोकांना वाटलें असेल. पण तें कापड उन्हांत चिकट होई आणि थंडींत कडक. हा दोष जाण्यास रबराला गंधकाचा संस्कार देण्याची युक्ति निघावी लागली. दुसरा दोष त्याहून गमतीचा होता. कापडांतून पाणी शिरत नसे. शिंप्यानें सुईनें केलेल्या भोंकांतून शिरे. कापड कितीहि अभेद्य करा, त्याचा कोट किंवा पिशवी करावयाची म्हणजे तें टोंचावेंच लागतें. जी शिवण वस्तूला आकार देते, तीच पाण्याला वाट देते.

या सगळ्यांत मला अधिक आवडते ती कापसाची रीत. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रांत पडलेले वैमानिक थंड पाण्यानें गारठून मरत, म्हणून मँचेस्टरच्या शर्ली संस्थेंत एक सुती कापड तयार करण्यांत आलें. त्याला पुढें व्हेंटाइल म्हणूं लागले. त्यांत रबर नाहीं. लांब धाग्याचा कापूस अतिशय दाट विणलेला, एवढेंच. पाणी लागलें कीं धागे फुगतात आणि त्यांच्यामधल्या फटी मिटतात. पहिल्या थेंबांना कापड थोडें अंगावर घेतें, आणि त्या घेण्यानेंच मागून येणाऱ्यांना दार बंद करतें. माझ्या पिशवीचा कॅनव्हास इतक्या थोर कुळांतला नाहीं, पण ओलाव्यानें फुगण्याचा गुण त्याच्याहि अंगीं आहे, आणि उरलेलें काम मेण करतें.

तरीहि ती ‘वॉटरप्रूफ’ नव्हे. ती पाण्याला अडवीत नाहीं, उशीर लावते. या दोन गोष्टींतील अंतर मला २६ जुलै २००५ रोजीं कळलें. त्या दिवशीं चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईंत कुलाब्यास अवघा ७३! दुपारीं गाड्या बंद पडल्या आणि दादरहून पार्ल्यास मी इतर हजारोंप्रमाणें पायीं निघालों. पिशवींत एका विद्यार्थिनीची दोनशें पानांची वही होती. तिनें आपल्या आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या सुट्टीसुट्टींत गांवीं जाऊन उतरून घेतल्या होत्या. आजी त्याच चैत्रांत वारली होती. वहीची दुसरी प्रत नव्हती. मी वाचून परत दिल्यावर ती काढावयाची असें ठरलें होतें.

वांद्र्यापर्यंत पाणी गुडघ्याशीं होतें, पुढें तें कमरेशीं आलें. मीं पट्टा आंखडून पिशवी गळ्याशीं घेतली. अंधार पडल्यावर अनोळखी माणसांनीं एकमेकांचे हात धरून सांखळी केली होती. एकानें माझ्या पिशवीकडे पाहून विचारलें, “पैसे आहेत कां, काका?” मीं म्हटलें, “ओव्या आहेत.” तो कांहीं बोलला नाहीं, पण पुढच्या खोल जागीं त्यानें पिशवी माझ्याकडून घेतली, डोक्यावर धरली आणि पलीकडे गेल्यावर परत दिली. त्याचें नांव मला आजहि ठाऊक नाहीं.

घरीं पोंचलों तेव्हां रात्रीचे दोन वाजून गेले होते. पिशवी उघडली. कापडानें आपलें काम केलें होतें. पाणी आलें होतें तें तळाच्या शिवणींतून. वहीचा खालचा कोपरा भिजला होता आणि शेवटच्या तीन पानांवरची शाई पसरली होती. पुढल्या आठवड्यांत मीं तीं पानें त्या मुलीपुढें ठेवलीं. तिनें तीं बराच वेळ पाहिलीं. मग माझ्या टेबलावरचा कागद ओढून ती लिहूं लागली. लिहितांना तिचे ओंठ हालत होते आणि एक हात टेबलावर हलकेच गोल फिरत होता, जणूं जात्याचा खुंटा धरला आहे. दोन पानें पुरीं झालीं. तिसऱ्यावरच्या चार ओव्या तिला आठवल्या नाहींत. “सर, ह्या गेल्या,” ती म्हणाली, आणि तेवढी जागा तिनें कोरी सोडली.

ती कोरी जागा माझ्या मनांतून जात नाहीं. त्या चार ओव्यांना आतां जगांत कोणीहि परत आणूं शकणार नाहीं. पण बाकीच्या राहिल्या, आणि त्या कशा राहिल्या हें मी पाहिलें आहे. आधीं आजीनें त्या कंठांत धरल्या, मग नातीनें वहींत, मग एका रात्रीपुरत्या पिशवीनें, आणि पंचवीस पावलांपुरत्या एका अनोळखी माणसानें. यांतील एकहि आश्रय अभेद्य नव्हता. प्रत्येकानें पुढचें छप्पर येईपर्यंत पाण्याला थोपवून धरलें, एवढेंच. शिक्षक म्हणून मी दुसरें काय करतों? औषध देणारा वैद्य तरी काय करतो? विस्मृति आणि मृत्यु यांना कायमचें बाहेर ठेवणारें कापड अजून कोणी विणलेलें नाहीं. पण उशीर लावणें हें क्षुद्र काम आहे, असें मला त्या रात्रीपासून कधीं वाटलें नाहीं.

गेल्या वर्षीं माझ्या मुलीनें मला एक नवी पिशवी आणून दिली. नायलॉनची, हलकी, आंतून लेप दिलेली. तिच्यावर पाणी ओतलें तर मोत्यासारखें घरंगळतें. मी ती वापरतों. साठीकडे झुकलेल्या खांद्याला हलकेपणाचें मोल कळतें. मात्र आपल्या दमट हवेंत असला लेप कांहीं वर्षांनीं चिकट होऊन सोलपटूं लागतो, आणि मग त्याला उपाय नसतो. कॅनव्हासला उपाय आहे, पण तो दरवर्षीं करावा लागतो. मृग लागण्यापूर्वीं एका रविवारीं मी मेणाचा गोळा घेऊन बसतों, कापडावर तो घासतों आणि तो आंत जिरावा म्हणून ऊब देतों. यंदा मुलीनें आपलें केस वाळविण्याचें यंत्र आणलें आणि त्याचा गरम वारा माझ्या हातापुढें धरला. मेण वितळून कापडांत दिसेनासें होत होतें. तिनें पिशवी उलटी केली, तळ चाचपून पाहिला आणि म्हणाली, “बाबा, शिवणींवर जरा जास्त चोळा.”